भोपाळचा राजीनामा

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या दिनकररावांना आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, पण तो एवढा वाटला की आणखी कुणासाठी उरलाच नाही. तो माणूस म्हणजे त्यांच्याच सरकारी खात्यातले दुसरे फोटोग्राफर, महिपतराव. दक्षिणेतलं एक चिमुकलं संस्थान विलीन झालं, तिथली नोकरी बुडाली, म्हणून ग्वाल्हेरला आलेले. हिंदी बेताचीच. दिनकरराव मात्र तीन पिढ्यांचे इथले; दरबाराच्या काळापासून कॅमेरा हातात.

जळण्याचं कारण एक फोटो. पंचावन्नच्या मे महिन्यात वाळवंट किती पुढे सरकलं ते पाहायला एक पथक जैसलमेरकडे गेलं, त्याबरोबर हे दोघेही होते. आठव्या दिवशी आंधी आली. समोरचं क्षितिजच उठून चालत आलं म्हणा ना. दिनकररावांनी शहाण्या माणसासारखा कॅमेरा मेणकापडात गुंडाळला आणि जीपमध्ये जाऊन बसले. महिपतरावांनी कॅमेऱ्याला ओला टॉवेल बांधला, भिंग तेवढं उघडं ठेवलं आणि आंधीकडे तोंड करून वाळूत पालथे पडले. भिंग कामातून गेलं, डोळे आठवडाभर सुजले. पण फोटो असा उतरला की साहेबांनी तो कचेरीच्या व्हरांड्यात लावून घेतला. गुडघे मोडून बसलेले उंट आणि त्यांच्यावर येऊन टेकलेलं आभाळ.

"सरकारी भिंगाची वाट लावली, त्याचं कुणी काही बोललं नाही," असं दिनकरराव घरी सांगत.

"मग तुम्ही का नाही काढलात?" असं बायकोने, शालिनीताईंनी विचारलं की दिनकरराव पानावरून उठत. उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते घाबरले होते.

छप्पन्नला नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. तिथे फोटोग्राफरची जागा एकच. दुसऱ्याने घरी बसायचं. साहेबांचा कल कुणाकडे, हे सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस कचेरीतले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "दोनों साहब भोपाल का राजीनामा लिख दीजिए, परसों तक."

महिपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. व्हरांड्यात त्यांनी दिनकररावांना गाठलं. "दोघांनाही काढतायत का हो? राजीनामा कशाला मागतात?"

आता हिंदीत राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. नोकरी सोडायची तर इथे इस्तीफा लिहितात. ग्वाल्हेरचं शेंबडं पोरही हे सांगेल. दिनकररावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात भिंतीवरचे उंट दिसले.

"मागितलाय तर देऊन टाकायचा," ते म्हणाले. "नौकरीत बहस कशाला करायची?"

महिपतरावांनी नोकरी सोडत असल्याचं लिहून दिलं. दिनकररावांनी भोपाळला जायला राजी असल्याचं.

निघायच्या दिवशी महिपतराव स्टेशनवर आले, हातात डबा. "आमच्या विजयाबाईंनी दशम्या दिल्यात वाटेसाठी." गाडी सुटायला अवकाश होता. मग सहज म्हणाले, "बाबूंनी मला त्याच संध्याकाळी बोलावलं होतं. म्हणाले, ये तो इस्तीफा है, बदल दीजिए. कोरा कागदही पुढे केला. तेव्हा कळलं, तुम्हाला ही जागा किती हवी आहे ते. म्हटलं, राहू द्या."

दिनकररावांनी त्या बोलण्यात टोमणा शोधला. सापडला असता तर किती बरं वाटलं असतं.

झाशी मागे पडली तरी डबा मांडीवर तसाच होता. फोटोचा हेवा निदान शालिनीताईंना सांगता येत होता. त्या ‘राहू द्या’चा हेवा कुणाला सांगायचा?