पांढऱ्याची पारख

आमच्या बाळकुमच्या रस्त्यावर टीव्हीची तीन दुकाने आहेत. दोन दुकानांच्या काचेआड दिवसभर पोपट उडतात, फळे चिरली जातात आणि कुठल्यातरी परक्या समुद्राचे निळे पाणी उसळत राहते. तिसऱ्या दुकानातल्या टीव्हीवर मिठाची एक रास दिसते. रास हलत नाही. उन्हात उभी असते, इतकेच. ते दुकान सगुणा केणे यांचे आणि ती रास त्यांनीच एका मिठागरात जाऊन, दुपार कलण्याची वाट पाहून चित्रित केलेली. 'मावशी, काहीतरी रंगीत लावा ना,' असे एखादे गिऱ्हाईक सुचवते, तेव्हा त्यांचे उत्तर ठरलेले असते. "रंग काय, सगलेच लावतात. पांढरा कोन लावून दाखवतो ते बगा."

सगुणाबाई गिऱ्हाइकाशी बोलायला सुरुवात करतात ती शाळेतल्या मराठीत. काम हाती आले, की त्यांच्या नकळत आगरी बोली वर येते. मला त्या बोलीची वाट पाहायची सवय झाली आहे, कारण ती आली म्हणजे त्यांना दोष सापडू लागला असे समजावे.

त्यांचे वडील रघु कळव्याच्या खाडीकाठी मिठागरात काम करीत. लहानपणी सगुणाबाई भाकरी घेऊन तिथे जात, तेव्हा वडील त्यांना मीठ पाहायला शिकवीत. ऊन डोक्यावर असताना सगळेच मीठ पांढरे दिसते. ऊन कलले, की कोणत्या राशीत गाळ राहिला आहे, कोणती कोवळी आहे आणि कोणती पक्की आहे, ते निराळे निराळे दिसू लागते. एका पांढऱ्यात निळसर झाक असते, एकात मातकट, एकात किंचित गुलाबी. ही शिकवण पुढे उपयोगी पडेल, असे त्या बापलेकींपैकी कुणालाही वाटले नव्हते.

दहावीनंतर त्यांनी ठाण्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम घेतला. वर्गात चाळीस जणांत मुली दोन. लग्न होऊन बाळकुमला आल्यावर सासरच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, आणि घरात कुणी हाताने काम करण्याची गरज उरली नाही. दीर नाथा हे अधूनमधून ऐकवतातही. इमारत आपली, गाळा आपला, आणि वहिनी लोकांच्या भिंतीवर चढून तारा ओढते, हे काही तिला शोभत नाही. "तुमी खुर्चीत शोभता, भावजी," सगुणाबाई म्हणतात. "मी शिडीवर बरी."

नव्या टीव्हीबरोबर येणारे माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. पेन्सिलने खुणा करीत, अडलेला शब्द मुलीला विचारीत त्या ते वाचतात. त्यामुळे अल्ट्रा एचडी म्हणजे काय, हे मला जाहिरातींतून कधी कळले नाही, ते त्यांच्याकडून कळले. चित्र म्हणजे ठिपके. नव्या टीव्हीवर सुमारे त्र्याऐंशी लाख ठिपके असतात, आधीच्या एचडीच्या चौपट. पण ठिपके हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा उजेडाच्या पायऱ्यांचा. जुन्या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या मोजक्या, म्हणून वरच्या टोकाला सगळे पांढरे एकच होऊन जाते. एचडीआर नावाच्या नव्या पद्धतीत अगदी वरच्या टोकालाही पायऱ्या शिल्लक राहतात. इंटरनेटवरून येणारे चित्र वाटेत दाबून लहान करावे लागते. डिस्कवर जागा मोठी, म्हणून ते पुष्कळसे मोकळे राहते. मात्र डिस्क, प्लेअर, वायर आणि टीव्ही या चौघांतला एक मागे राहिला, तर उरलेल्या तिघांना त्याच्या पायरीवर उतरावे लागते.

गेल्या वर्षी हे सगळे एका माणसाच्या बाबतीत कसाला लागले. मी साक्षीला होतो.

बाळकुमला येण्यापूर्वी मी डोंबिवलीत अकरा वर्षे भाड्याने राहत होतो. त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मधु खांबेटे राहतात. वय एकोणऐंशी. मुंबईतल्या एका फिल्म लॅबोरेटरीत त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली. चित्रपटाची प्रत छापताना प्रत्येक दृश्याला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती द्यायचा, हे ठरवणे त्यांचे काम. त्यावर चित्राचा सारा रंग अवलंबून, पण अशा माणसांचे नाव त्या काळी पडद्यावर येत नसे. त्यांनी हात लावलेल्या शेकडो चित्रपटांपैकी एकाचा त्यांना विशेष अभिमान होता. त्यात भर दुपारी अंगणाच्या पायरीवर बसलेली एक विधवा आहे, अंगावर पांढरी साडी. त्या उन्हातही साडीच्या घड्या मोजता येतात, असे खांबेटेकाका चाळीस वर्षे सांगत आले. मीही ते अनेकदा ऐकले होते.

तो चित्रपट मूळ निगेटिव्हवरून नव्याने तयार होऊन अल्ट्रा एचडी डिस्कवर आला. नातू नीलने वाढदिवसाला मोठा टीव्ही, प्लेअर आणि ती डिस्क आणून दिली. डोंबिवलीतल्या चित्रपट मंडळाने एका रविवारी तीच डिस्क दाखवायची आणि खांबेटेकाकांनी त्या कामाविषयी बोलायचे, असे ठरवले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना या कामाविषयी बोलायला बोलावत होते.

त्या रविवारच्या आठ दिवस आधी त्यांचा मला फोन आला. मंडळाला नकार कळवणार असल्याचे त्यांनी सांगितले. मी कारण विचारले. 

"डिस्क पाहिली," ते म्हणाले. "साडीला घडी एकही नाही. चुन्याचा ठोकळा बसवल्यासारखं दिसतं. म्हणजे एक तर मी चाळीस वर्षं खोटं सांगत आलो, नाहीतर तेव्हा मला धड दिसतच नव्हतं. दोन्हींतलं काय सांगायला जाऊ लोकांपुढे?"

सगुणाबाईंना मी हे सगळे सांगितले. टीव्ही कोणता, प्लेअर कोणता, हे त्यांनी आधी विचारलेच नाही. साडी सुती होती की रेशमी, हे विचारले. बुधवारी दुपारी आम्ही डोंबिवलीला गेलो.

नील त्या दिवशी घरूनच काम करीत होता. आजोबांसाठी कुणी टीव्हीवाल्या बाई येणार, हे त्याला फारसे रुचले नव्हते. शोरूमच्या माणसाने सगळे लावून दिले आहे, चित्र एकदम टॉप आहे आणि आजोबांना प्रत्येक नव्या गोष्टीत काहीतरी जुने बिघडलेले दिसते, असे त्याने आम्हाला दारातच सांगितले. सगुणाबाईंनी डिस्क सुरू करायला लावली. पडद्यावर नायिकेचा चेहरा आला, नारिंगी आणि तुकतुकीत.

"या बाईला कावील झालीय का?" त्यांनी नीलला विचारले.

खांबेटेकाकांच्या पत्नी वासंतीकाकू स्वयंपाकघरात हसल्या. नील हसला नाही.

दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावे म्हणून टीव्हीची जी भडक मांडणी ठेवलेली असते, तीच घरातही चालू राहिली होती. सगुणाबाईंनी ती बदलून चित्रपटासाठीची मांडणी लावली. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली, त्याबरोबर माणसे मालिकेतल्यासारखी सरकायची थांबून सिनेमातल्यासारखी चालू लागली. चित्र आता डल झाले, असे नीलचे मत पडले. खांबेटेकाका मात्र खुर्चीत पुढे सरकले होते.

मग अंगणाचे दृश्य आले. चेहरा माणसाचा झाला होता, भिंत भिंतीसारखी दिसत होती. साडी होती तशीच पांढरीफट्ट, सपाट.

काकूंनी चहा आणला. आता छान दिसते आहे, एवढे पुरे झाले, असे त्या म्हणाल्या. नीलनेही मान डोलावली. खांबेटेकाकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "होतं तेवढंच असेल."

सगुणाबाईंनी कप खाली ठेवला. "काका, घडी होती का नव्हती?"

काकांनी टीव्हीकडे बोट दाखवले.

"मी टीव्हीचं नाय विचारत. तुमी छापलं तवा होती का नव्हती?"

"होती."

"किती?"

"खांद्यावर तीन. मांडीवर पदर पडलाय तिथं चौथी, अर्धी."

"मग साडेतीन मोजल्याबिगर मी उठत नाय."

त्यांनी रिमोटवर एक कळ दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी उमटली. तिच्यात टीव्हीपर्यंत काय पोहोचते आहे, ते लिहिलेले होते. पोहोचत होते ते जुने एचडी, वीस लाख ठिपक्यांचे, आणि उजेडाच्या पायऱ्याही जुन्याच. डिस्क नवी, प्लेअर नवा, टीव्ही नवा, तरी मधे कुठेतरी चित्र लहान होत होते. सगुणाबाई गुडघ्यांवर बसून कपाटामागे वाकल्या आणि प्लेअरमधून निघालेली वायर बोटांनी चाचपत निघाल्या. ती टीव्हीकडे गेलीच नव्हती. ती खालच्या खणातल्या एका जड काळ्या अँप्लिफायरमध्ये शिरत होती आणि तिथून दुसरी वायर टीव्हीला जात होती.

तो अँप्लिफायर काकांच्या मुलाने पंधरा वर्षांपूर्वी परदेशातून पाठवलेला. त्यावर भरतकाम केलेला रुमाल होता आणि काका तो रोज स्वतः पुसत. शोरूमच्या माणसाला त्यांनीच आग्रहाने सांगितले होते, की जे काही येईल ते यातून गेले पाहिजे. इतकी चांगली वस्तू नुसती ठेवायची कशाला?

"माजिवड्याला पूल चार लेनचा असतो," सगुणाबाई कपाटामागूनच बोलल्या, "आनि पुढं खारेगावच्या तोंडाशी एकच लेन चालू असते. मग गाडी तुमी कुठलीपन घ्या."

काकांचा चेहरा उतरला. ती वस्तू टाकून द्यावी लागेल का, असे त्यांनी विचारले. टाकायची काहीच गरज नव्हती. तो आवाजाचा राजा आहे, त्याला तुम्ही चित्र उचलायला लावलेत, असे म्हणून सगुणाबाईंनी प्लेअर थेट टीव्हीला जोडला आणि आवाजापुरती निराळी वायर टीव्हीतून अँप्लिफायरकडे परत नेली. रुमाल होता तसा पुन्हा घातला. टीव्हीच्या ज्या छिद्रात वायर बसवली, ते नवी पद्धत स्वीकारील असे मेनूमध्ये जाऊन सांगावे लागते, तेही केले. शेवटी खिडकीवर काकूंनी दिलेली चादर अडकवली आणि अंगणाचे दृश्य पुन्हा लावले.

मला रंगांतले कळत नाही. तरी मी जे पाहिले, ते सांगू शकतो. साडी पांढरीच होती, पण त्या पांढऱ्यात अनेक पांढरे होते. खांद्यावर ऊन पिवळसर झाले होते, पायरीजवळ सावलीचा निळा उतरला होता, आणि या दोहोंच्या मधे कापड दुमडलेले, सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेले दिसत होते. सगुणाबाईंनी हवेत बोट धरून मोजले. खांद्यावर तीन. मांडीवर अर्धी.

 काकू हातात बशी धरून उभ्याच होत्या. चित्रपट पुढे चालला आणि कुणी तो थांबवला नाही. दहा-बारा मिनिटांनी परसदाराचे एक दृश्य आले. काका उठून पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सारून पाहू लागले आणि म्हणाले, "थांबवा."

परसाच्या भिंतीवर हिरवट झाक होती. आधीच्या दृश्यात ती नव्हती, नंतरच्याही नव्हती. सेटिंग अजून चुकते आहे वाटते, असे म्हणत नीलने रिमोट उचलला.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "ही माझी चूक आहे."

त्या दृश्याला त्यांनी हिरवा प्रकाश दोन आकडे कमी दिला होता; निगेटिव्हवरून छापताना तो कमी पडला, की प्रतीत हिरवी झाक येते. घाई होती, त्यांनी ते तसेच पुढे पाठवले, दिग्दर्शकाच्या लक्षात आले नाही आणि प्रती बाहेर गेल्या. पहिल्या दिवशी चित्रपटगृहात ही भिंत दिसली, तेव्हा त्यांना घाम फुटला होता. डिस्क करणाऱ्यांनी रंग जुळवले ते त्या वेळच्या मान्य प्रतीशी, त्यामुळे चूकही प्रामाणिकपणे बरोबर आली.

"चाळीस वर्षं घड्यांचं सांगत आलो. या भिंतीचं कुणाला सांगितलं नाही." ते सगुणाबाईंकडे वळले. "चूक जशीच्या तशी आहे, बाई. म्हणजे घड्याही माझ्याच आहेत."

"एवढ्याशा हिरव्यासाठी चाळीस वर्षं गप्प बसलात?" काकू म्हणाल्या. "मला ती भिंत शेवाळलेली वाटली होती."

"सगळ्यांना तसंच वाटलं. म्हणून वाचलो."

त्यांनी ते दृश्य आणखी दोनदा पाहिले. मग मंडळाच्या चिटणीसांना फोन करून येतो म्हणून सांगितले. आपल्याबरोबर एक बाई येतील, टीव्ही त्या लावतील आणि मधे कुणीही रिमोटला हात लावायचा नाही, अशी अटही घातली.

रविवारी सगुणाबाई दोन तास आधी पोहोचल्या. सभागृहाच्या खिडक्या त्यांनी काळ्या कापडाने बंद करून घेतल्या. पुढच्या वेळी मोठा टीव्ही कोणता घ्यावा, असे चिटणीसांनी विचारले, तेव्हा आधी पडदे घ्या, असा सल्ला दिला. साठ-सत्तर माणसे आली होती. काकांनी साडी दाखवली, घड्या मोजून दाखवल्या. मग परसाची भिंत थांबवून, ही हिरवी झाक आपली चूक आहे, असे ताठ उभे राहून सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या भिंतीपाशी.

शेवटी त्यांनी सगुणाबाईंना व्यासपीठावर बोलावले. अशा वेळी मागे मागे सरणारी माणसे आपण पाहतो. त्या सरळ उठल्या, पदर खोचला आणि पायऱ्या चढून माइकपाशी गेल्या.

"काकांनी काम बरोबर केलं होतं," त्या म्हणाल्या. "मी ते बरोबर पोचवलं."

आणि जागेवर येऊन बसल्या.