बकरीनं चड्डी खाल्ली

माझ्या आतेभावाइतका बेशरम माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. देव सगळ्यांना लाज वाटत होता तेव्हा हा कुठेतरी बाहेर भटकत असावा. त्याच्या वाट्याची सगळी मला मिळाली आणि ती मी लहानपणापासून इमानेइतबारे भोगतो आहे. शेलूबाजारला हायवेला लागून त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन येतात, आणि पन्नाशीकडे झुकलेला हा गृहस्थ बोटं कापलेले काळे हातमोजे घालून, कपाळावर मेंदीने रंगवलेली एक बट ओढून, तांब्याची तार गुंडाळत बसलेला असतो. केस आता त्या बटेपुरतेच उरले आहेत. हे सोंग कुणाचं, तर आमच्या लहानपणी मुंबईच्या चार पोरांचा एक बँड निघाला होता, त्यातल्या डावीकडून दुसऱ्याचं. बँडचं नाव मी सांगत नाही. तेव्हा ते आम्हाला नीट उच्चारता येत नव्हतं आणि आता सांगायची लाज वाटते.

गाणी हिंदी, शब्द बेताचे आणि नाच शाळेतल्या कवायतीहून फारसा वेगळा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र आम्ही दोघं त्या चौघांसाठी जीव टाकत होतो. मी पुढे शहाणा झालो, हा झाला नाही. बँड फुटल्याची बातमी शेलूबाजारला पोचायला वर्ष लागलं. शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर त्याने ती वाचली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. आत्याने विचारलं, "कोन मेलं रे?" हा म्हणाला, "बँड गेला, माय. गेल्या वर्सी." आत्या म्हणाली, "मंग आता कायले रडून राह्यला? तेरवी बी होऊन गेली असन." त्यावर त्याने तिला बजावलं की सुतक माहीत पडल्यापासून धरतात, आणि दहा दिवस गोड खाल्लं नाही. एकदा तो वाशिमला माझ्या कॉलेजात आला. मी तिथे मराठी शिकवतो, थोडाफार मान राखून आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तो आमच्या प्राचार्यांना म्हणाला, "सर, याले गॅदरिंगमदी नाचवत जा. कंबर अशी हालवते का बस!" त्या दिवशी मी छताच्या पंख्याकडे जितका वेळ पाहिलं तितका वेळ कुणीच पाहिलं नसेल.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ती आरोळी. लग्न असो, बारसं असो, त्या बँडचं एक हळुवार प्रेमगीत तो लावायलाच लावतो. त्यात एके ठिकाणी गायक प्रेयसीला विचारतो की तुझ्या मनात तरी काय आहे, आणि सगळी वाद्यं थांबतात. अगदी शांत होतं. त्या शांततेत आमचा हा पुरुष दोन्ही हात तोंडाशी नेऊन, बाईच्या चढ्या आवाजात ओरडतो, "अरे पोट्ट्या, धाव! बकरीनं चड्डी खाल्ली!" मग वाद्यं पुन्हा सुरू होतात. लोक विचारतात, हे काय? तो सांगतो, "गान्यातच हाय ते."

त्याचं म्हणणं एका परीने खरं आहे. ती कॅसेट कारंज्याच्या एका मुलाची होती, एका दुपारपुरती मागून आणलेली. आम्ही दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, एक वाजवणारा आणि एक ऐकणारा, दारंखिडक्या लावून घेतल्या आणि श्वास रोखून बसलो. गायकाने तो नाजूक प्रश्न विचारला, वाद्यं थांबली, आणि नेमक्या त्याच वेळी वाळत घातलेल्या कपड्यांपाशी उभी असलेली आत्या अंगणातून किंचाळली. प्रश्नाचं उत्तर टेपवर कायमचं बसलं. पुसायला गेलो तर गाणंही पुसलं जाणार होतं, मूळ कॅसेट परत गेली होती. मग आतेभावाकडून मित्रांनी भरून घेतली, त्यांच्याकडून त्यांच्या मित्रांनी, आणि बघता बघता चार गावांची पोरं ते गाणं बकरीसकट म्हणू लागली. बाजाराच्या दिवशी कुणी पोरगं मागून ओरडलं की आत्या पदर डोळ्यांपर्यंत ओढून वांगी न घेताच घरी यायची. तिने आम्हा दोघांना शपथ घातली होती, "ते मी होये म्हनून कोनालेच सांगू नका. बिलकूल नाही. माही लाज ठेवा."

ती आम्ही ठेवली. आत्या गेली तेव्हा तिचा धड एक फोटो नव्हता, आणि त्या कॅसेटची टेप त्याच्याही आधी यंत्रात अडकून कुरतडली गेली होती; मित्रांकडच्या प्रतीही कधीच गहाळ झाल्या होत्या. राहिली फक्त ती आरोळी, आणि ती त्याच्या तोंडात. तिचा चढ, तिचा त्रागा, 'धाव'वरचा झटका, सगळं त्याने जसंच्या तसं जपलं होतं. मला हे ठाऊक होतं. तरीही प्रत्येक लग्नात ते गाणं लागलं की मी हात धुवायला उठायचो.

त्याच्या मुलीने आजीला पाहिलंच नाही. शाळेत तिला 'चड्डीवाल्याची पोरगी' म्हणत, त्यामुळे तिचा राग मला समजतो. लग्न ठरल्यावर ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "बाबा, तुमी मले काहीच देऊ नका. फक्त त्या दिवशी तेवढं ओरडू नका. सासरे लय कडक हायेत." त्याने माझ्याकडे पाहिलं. सांगून टाकावं की काय, असं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आलं, पण शपथ होती. "नाही ओरडत, बेटा," तो म्हणाला, आणि लग्नाच्या दिवशी हातमोजेसुद्धा घरी ठेवून आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला लाजताना पाहिलं, आणि मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

लग्न कारंज्याला झालं. व्याही जऊळक्याचे, शाळामास्तर, पांढऱ्याशुभ्र सफारीतले. हसणं त्यांना परवडत नसावं असा चेहरा. व्याह्यांची पंगत बसली होती. त्यांनी डीजेवाल्याला बोलावून काहीतरी सांगितलं आणि तेच गाणं लागलं. आतेभावाने हातातला बुंदीचा लाडू घट्ट धरला. शेजारी उभी असलेली मुलगी पांढरीफटक पडली. गायकाने प्रश्न विचारला, वाद्यं थांबली. आतेभावाने ओठ मिटून मान खाली घातली, आणि मास्तर पानावरून उठून बाईच्या चढ्या आवाजात ओरडले, "अरे पोट्ट्या, धाव! बकरीनं चड्डी खाल्ली!"

'धाव'वरचा तो झटका थेट आत्याचा होता. जिला त्यांनी कधी पाहिलं नाही, तिचा.

मंडपात हशा पिकला. मास्तर लाजत खाली बसले आणि म्हणाले, "माफ करा ईवाई, होस्टेलची आदत हाय. आमच्या कॅसेटमदी गान्यात एक बाई ओरडे. कोन होती, देव जाने. पन तिच्याबगर गानं पुरं वाटत नाही. तुमाले मालूम हाय का हे?"

आतेभावाने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलीला दिलेल्या शब्दाने ओरडायचं नव्हतं आणि आत्याच्या शपथेने सांगायचं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "पयल्यांदाच आयकलं."

मी त्याच पंगतीत बसलो होतो. मला शपथ मोडता आली असती, निदान आपल्यालाही ते येतं एवढं तरी म्हणता आलं असतं. पण पलीकडच्या रांगेत माझे प्राचार्य जेवत होते, आणि मी वरणात भात कालवत राहिलो.

मुलीची पाठवणी करून आम्ही जीपने शेलूबाजारकडे निघालो. पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही दोघं. कारंजा मागे पडल्यावर तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "त्या मास्तरच्या तोंडात माय बसली होती ना बे. नातीच्या लग्नाले आली, अन् मी म्हनलं, ओळखत नाही." आणि पुढे म्हणाला, "तू म्हन ना एक डाव. माह्या गळ्यातून निंघत नाही आता."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं, खिडकीची काच वर चढवली, आणि पुटपुटलो.

त्याने मान हलवली. "हळू नाही बे. माय हळू नोहोती म्हनत."

मग मी काच पूर्ण खाली घेतली.