मी दुरुस्त केलेलं चित्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझी बाकी सगळी पापं ठाऊक आहेत, हे नाही. आता लिहितानासुद्धा माझं अर्धं लक्ष दुकानाच्या दाराकडे आहे. कुणाची भीती वाटते? पंचाहत्तरीच्या एका माणसाची — हातात छत्री, आवाज कधी न चढवणारा.

मांडवीजवळ माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. सायकलला पिशव्या टांगून, गल्लोगल्ली मासे विकून उभं केलेलं. त्यात कुणाची मेहेरबानी नाही. सबनीस सर, निवृत्त चित्रकला शिक्षक, एंजल माशांची जोडी घ्यायला आले होते. भावावरून घासाघीस चालली होती, मी हट्टाला पेटलो होतो. तेव्हा भरल्या दुकानात ते शांतपणे म्हणाले, "शिर्के, तुला भाव कळतो. मासा कळत नाही."

एक गुजराती गिऱ्हाईक हसलं. "सर साची वात करे छे, शेठ."

सर खरं बोलतात म्हणे! ते हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. मी मुकाट्यानं सरांचा भाव मान्य केला. आणि मी भाव सोडतो तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं.

एंजलमध्ये नर-मादी एरवी ओळखू येत नाहीत. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली बारीक नळी बाहेर येते. नराची टोकदार, मादीची जाड, बोथट. एवढीच खूण. आणि नर नसला तर दोन माद्याही जोडी जमवतात, टाकीत अंड्यांसाठी ठेवलेली फरशी साफ करतात, अंडी घालतात. ती कधी फुटत नाहीत. माझ्या टाकीत अशाच दोघी होत्या. मला ठाऊक होतं — मी त्याच दिल्या.

पंधरा दिवसांनी सर पेढे घेऊन आले. एवढी अंडी की फरशी दिसेना, म्हणाले. दोघींची होती, दिसणार कशी? तिसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडून वाया गेली. मग ते दर वेळी विचारायला येऊ लागले. मी सांगायचो, पाणी थोडं गरम ठेवा, निम्मं बदला, टाकी येण्याजाण्याच्या वाटेतून हलवा. ते सगळं करायचे. सुरुवातीला मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? पुढे भीती वाटायला लागली. हा माणूस जन्मभर बघायचंच काम करत आला होता.

आणि एका दुपारी ते चित्र घेऊन आले. पेन्सिलीचं. तीन दिवस भिंग लावून बसले होते. दोन्ही मासे, खवलान् खवला. पोटाखाली दोन नळ्या, दोन्ही जाड, दोन्ही बोथट.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात रे. यातला नर कुठला?"

दुकानात चार माणसं उभी होती. काय अवघड होतं? चूक झाली म्हणायचं, मासे बदलून द्यायचे — एवढंच ना? मी काउंटरवरचं पेन उचललं आणि एका माशाची नळी टोकदार केली. वर म्हणालो, "सर, तुमची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही."

ते चिडले असते तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून चित्र पाहिलं.

"असेल," म्हणाले. "वय झालं."

चित्र ते काउंटरवरच ठेवून गेले.

पुढे त्यांची सून टाकी विकायला आली, तिच्याकडून कळलं. सरांनी पेन्सिल ठेवून दिली होती. नातवालाही चित्र काढून देत नाहीत, म्हणाली — चुकीचं शिकवीन, म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं, तर म्हणे, ते माझं मन राखतात. मी ऐकून घेतलं. टाकीही घेतली.

चित्र खालच्या खणात आहे. सगळं पेन्सिलीचं, आणि एवढीशी निळी रेघ. फाडायला चार वेळा बाहेर काढलं — हात धजला नाही.

सर अजून येतात. दुकानातल्या एंजलच्या टाकीपाशी उभे राहून विचारतात, "शिर्के, यातला नर कुठला, तूच सांग." मी घाबरतच बोट दाखवतो. ते माशाकडे न बघताच मान हलवतात.