समजलं म्हणणारा वर्ग

लाओसमधल्या सावन्नाखेतच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या फेतसामोन बाईंना एकच गोष्ट हवी होती, पोरांना वाचता येईल असं पुस्तक. लाओ भाषेतलं धड पुस्तक मिळेना. शेजारच्या थायलंडचं थाई पुस्तक पोरं घडाघडा वाचायची, कारण लिपी जवळची आणि घरोघरी टीव्हीवर थाई मालिकाच चालायच्या. पण विभागप्रमुख बुनल्यूत सर जाडजूड इंग्रजी पुस्तकावर अडून बसले.

"शेजाऱ्यांचं पुस्तक लावलं तर अब्रू जाईल आपली."

"सर, अब्रूनं पास होतात का पोरं? गेल्या वर्षी निम्मी पळाली. तुम्हीच विचारा की त्यांना!"

सर तरातरा वर्गात आले. इंग्रजी पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "समजलं का?"

"समजलं, सर!" अख्खा वर्ग एका सुरात.

बाईंनी कपाळावर हात मारला. मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही, हे या पोरांच्या हाडात मुरलेलं, आणि बाई नेमकं तेच विसरल्या होत्या.

सरांनी तिथंच इंग्रजी पुस्तक पक्कं करून टाकलं.

ते गेल्यावर बाई वर्गातल्या चिंदावोन नावाच्या पोरीवर घसरल्या. "काल तूच रडत होतीस ना गं, एक ओळ कळत नाही, कॉलेज सोडते म्हणून? मग मान कशाला डोलावलीस?"

"बाई, नाही म्हटलं असतं तर सर तुम्हालाच बोलले असते, हिला शिकवता येत नाही म्हणून."

बाईंना तिच्यावर धड रागावताही येईना. फळा पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "काढा रे ते इंग्रजी पुस्तक, पहिलं पान."