आधी मास्तर, मग पोरं

उमाटे सर आज सकाळी गेले, आणि त्यांच्याशी बोललेलं माझं एक खोटं तसंच राहून गेलं.

सरांच्या गावी, नाचणगावला, अंत्यविधी आटोपून परत निघालेय. पुलगावहून आर्वीची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली.
फोन मात्र सारखा थरथरतोय. शाळेच्या ग्रुपवर जुनी पोरं सरांचे फोटो टाकताहेत.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आर्वीला आमच्या शाळेत सर अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे. मी वाणिज्य शिकवते. पोरांना कोणत्या स्पर्धेला पाठवायचं, हे तेव्हा सर ठरवायचे.

आणि स्पर्धा तरी किती! अर्थशास्त्राची क्विझ, बिझनेस प्लॅन, शेअर बाजाराचा खेळ, उद्याचे उद्योजक. शाळा उघडली की रंगीत पत्रकं यायला लागतात. सगळ्यांवर टाय लावलेली, हसणारी मुलं. आमच्याकडे टाय फक्त गॅदरिंगच्या नाटकात लागतो.

सरांचा नियम एकच.
"आधी मास्तर बसन, मंग पोरं."

म्हणजे ज्या स्पर्धेला पोरं पाठवायची, तिचा सॅम्पल राउंड आधी शिक्षकाने सोडवायचा. वर्गात, बाकावर बसून. घड्याळ पोरं लावणार, मार्कही पोरंच देणार.

एकदा सरांना वीसपैकी सात पडले. वर्ग खिदळला. सरही पोट धरून हसले आणि पत्रक पुन्हा पाकिटात घातलं.
"मलेच सात भेटले, तं तुमाले काय शिकवू? राहू द्या हे."

मी नवीन होते. मला हा सगळा प्रकार गावठी वाटायचा. स्पष्टच लिहिते, आता काय लपवायचं.

त्या वर्षी नागपूरच्या एका मोठ्या स्पर्धेचं पत्रक आलं. चकचकीत कागद, मोठं हॉटेल. मी हट्टच धरला.

प्राची आणि तिच्या दोन मैत्रिणी तयारीला लागल्या. तिघी खेड्यावरून यायच्या. शाळा सुटली की बस लागेपर्यंत दोन-दोन तास डेपोवर ताटकळायच्या.
त्यांचा बिझनेस प्लॅन त्यातूनच निघाला. डेपोजवळ मुलींसाठी एक खोली. पंखा, बाक, चहा, अभ्यासाला टेबल, महिन्याचा पास.
चार्ट इतके सुरेख केले होते की मी ते घरी नेऊन नवऱ्याला दाखवले.

फॉर्म घेऊन सरांकडे गेले.

"सॅम्पल राउंड सोडवला काय मॅडम?"
"हो सर."
"वर्गात?"
"हो."

सोडवला नव्हता. उघडूनही पाहिला नव्हता.
पोरांसमोर मला कमी मार्क पडले तर? माझं इंग्रजी तेव्हा जेमतेम होतं, आणि वर्गात मी ते फर्डं असल्यासारखी वावरायचे.

सरांनी सही केली.

नागपूरला पहिली फेरी कॉम्प्युटरवर होती. कंपन्या, आलेख, खरेदी-विक्री, सगळं इंग्रजीत. वेळ चाळीस मिनिटं. त्यात जे पास होतील त्यांनीच पुढे आपला प्लॅन मांडायचा.
तिघींनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. प्राचीने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला.
काय म्हणून केला, देव जाणे.

जेवणाच्या आधीच आम्ही बाहेर पडलो. चार्टची गुंडाळी सुटलीसुद्धा नाही.

"मॅडम, आमचं कोनी आयकलंच नाई," प्राची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. "पोरगी कालपासून जेवली नाई. काऊन नेलतं तिले तिथं, हसं कराले?"

मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोरच सरांना आणि मला आत बोलावलं. मी जमिनीकडे बघत उभी.
सर म्हणाले, "फॉर्मवर सही माही हाये. चूक माहीच हाये."

स्पर्धांचं काम सरांकडून काढून घेतलं.
आणि दिलं कोणाला? मला.

त्या संध्याकाळी सर डेपोवर भेटले. पुलगावच्या गाडीची वाट पाहत होते.
"मॅडम, तुमी बसल्या नव्हत्या ना?"
मी गाड्यांच्या फलकाकडे बघत राहिले.
"जाऊ द्या. पुढच्या वर्षी बसजा."

गाडी लागली, सर चढले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

बसते मी. दरवर्षी बसते.
पण स्टाफरूममध्ये, दार लावून, एकटी.
इतकी वर्षं झाली, पत्रकं चाळून चाळून जीव विटला, तरी वर्गात बसायची हिंमत झाली नाही.

आज ग्रुपवर प्राचीचा मेसेज आला. ती आता पुण्यात नोकरी करते.
"सर देवमाणूस होते. पण नागपूरच्या त्या स्पर्धेचा राग माझ्या मनातून कधी गेलाच नाही. दिवाळीत आर्वीला आले, सर रस्त्यात दिसले, तरी मी बोलले नाही. आता फार वाईट वाटतंय."

गाडीत बसल्यापासून हा मेसेज चार वेळा वाचलाय.

प्राची, तू चुकीच्या माणसावर रागावलीस गं.
सरांनी मला विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा खोटं बोलले. आणि मुख्याध्यापकांसमोर माझी मान खाली होती तेव्हा सर माझ्यासाठी बोलले.
तू माझ्यावर राग धर. सरांशी न बोलल्याचं ओझं तुझं नाही, ते माझं आहे.
हे मी ते असताना सांगायला हवं होतं. लाज वाटते.

पर्समध्ये यंदाची तीन पत्रकं आहेत. परवा निवड कळवायची आहे.
उद्या अकरावीच्या वर्गात बसते सर, पहिल्या बाकावर. घड्याळ पोरं लावतील. हसू द्या त्यांना.

नमस्कार करते, सर.
सही तुमची होती. चूक माझी होती.