बांगडी कुठे अडते

अक्का कुणाचा चेहरा आधी बघायची नाही, हात धरायची. मनगटावरची बांगडी वर सरकवायची आणि ती कुठे अडते ते बघायची. धुळ्यातल्या धंद्याच्या गल्लीत अर्धं आयुष्य काढलेली ही बाई तिथल्याच बायकांना आमच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला घेऊन यायची. स्वतः एचआयव्हीबाधित होती आणि ते सांगायला लाजत नसे. "तोंड खोटं बोलस, बांगडी नही," म्हणायची.

मी तिथली नवी समुपदेशक, प्रशिक्षणातून ताजी ताजी आलेली. लागण झाल्यावर आजार दिसायला बरीच वर्षं जातात, असं मी एकदा बायकांना ठासून सांगितलं. अक्का फिसकन हसली. "पोरी, तुना पुस्तकनी बाई दोन टाइम जेवस, रातले झोपस. आमनी कोठे झोपस?" चारचौघींत बोलली म्हणून मला रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

शिरपूरकडून आलेल्या रेखाला लागण झाली होती, पण तिच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा चांगला होता. तेव्हाच्या नियमानं तो बराच खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत, म्हणून मी तिला सहा महिन्यांनी बोलावलं. दोन महिन्यांतच अक्का तिला ओढत घेऊन आली. बांगडी थेट कोपराशी गेली होती. "आज तपास. नहीतर मी आठेच बसस," म्हणत तिनं दारातच बैठक मारली. मी चिडूनच चिठ्ठी लिहिली. आकडा इतका घसरला होता की मी तो दोनदा वाचला. रेखाच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. आज ती खानावळीत पोळ्या लाटते आणि माझ्याहून धडधाकट आहे.

अक्काची स्वतःची तपासणी मात्र कायम पुढच्या खेपेला. "मी खाटवर पडनू ते यासले कोन आनी?" या बायकांना दवाखान्यात कोण आणणार, हे तिचं ठरलेलं कारण. एकदा न राहवून मीच तिचा हात धरला. हिरव्यागार, नव्याकोऱ्या बांगड्या मनगटालाच घट्ट अडल्या. माझा जीव भांड्यात पडला. वर "छान दिसतात हो अक्का," असंही म्हणाले. ती नुसती हसली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. ती गेल्यावर रेखानं सांगितलं, अक्का दर महिन्याला कासाराकडे जाऊन आधीच्यापेक्षा लहान मापाच्या बांगड्या भरत होती. मी तिच्याशी मनातल्या मनात खूप भांडले आणि खूप रडले.

आता निदान झालं की गोळ्या मिळतात, आकडा पडायची वाट बघावी लागत नाही. तरी बाई समोर बसली की मी तिचा हात हातात घेते. बांगडी सरकवायच्या आधी विचारते, "या कधी भरल्या?"