एक चर उघडा

दसऱ्याच्या सुमारास गाडी गरम झाली म्हणून कळंबच्या अलीकडे थांबलो. बांधावर पन्नाशीची एक बाई पदर खोचून उभी होती. मला पाहून तिनं बोट ओठांवर ठेवलं. खाली खोलगट पाणथळीत बेडूक ओरडत होते, आणि ती ते ऐकून हसत होती.

तिच्या घरच्यांनी ही जागा सुकवून ऊस लावायला दोन बाजूंनी चर खणले होते. ऊस आला नाहीच, वर गवत आणि पाखरंही गेली. गेल्या वर्षी तिनं एक चर मातीनं बुजवला.

"दुसरा का ठेवला?" मी विचारलं.

"दोन्ही बुजवलं असतं तर मालक म्हणलं असतं, पाऊस बरा झाला म्हणून गवत आलं. आता बगा, पाऊस दोन्हीकडं सारकाच हाय."

बुजवलेल्या बाजूला गुडघाभर हिरवं गवत होतं, त्यात बगळे फिरत होते. उघड्या चराकडची माती भेगाळली होती.

तेवढ्यात खोरं घेऊन तिचे मालक आले. दोन्हीकडं निवांत पाहून म्हणाले, "चल, ह्योबी बुजवू."

पहिलं खोरं तिनं त्यांनाच मारायला लावलं. मग हसत हसत स्वतः चराच्या तळातल्या चिखलात उतरली. मीही चपला काढल्या. बारामतीला पोचायला उशीर झाला, पण चिखलात इतका मी लहानपणानंतर हसलो नव्हतो.